पर्सनल अलार्म, दोन नगांचा पॅक: डब्लिनमध्ये सहा महिने वापरून

गेल्या ऑगस्टमध्ये घेतलेला हा अलार्म सहा महिने रोज माझ्याजवळ आहे. नाइट ड्यूटीला जाताना, मुलीला शाळेतून आणताना, बसमध्ये, दुकानात. एकदा खरोखर वापरावा लागला. इथल्या बऱ्याच मैत्रिणी विचारतात, घेऊ का? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

वस्तू साधी आहे. कोंबडीच्या अंड्यापेक्षा जरा लहान, गुळगुळीत प्लास्टिकची. एका टोकाला दोरी, दोरीच्या मुळाशी पिन. पिन ओढली की सायरन सुरू होतो आणि पिन परत घातल्याशिवाय थांबत नाही. बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की बारीक दिवा लागतो. आत तीन एलआर४४ सेल, बटणासारखे चपटे. दोन नगांना १८ युरो पडले. ब्रँडचं नाव देत नाही, कारण आमच्या वॉर्डातल्या तिघींनी तीन वेगवेगळ्या नावांचे मागवले आणि उघडून पाहिलं तर आतलं सगळं सारखंच निघालं.

मी मिरजेची. नर्सिंग तिथेच केलं, सांगलीत चार वर्षं नोकरी केली आणि २०१८ मध्ये डब्लिनला आले. तेव्हा इथले पंतप्रधान लिओ वराडकर होते. वडिलांकडून त्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. माझी आई सगळ्यांना सांगायची, 'तिथला पंतप्रधान आपल्या कोकणातला आहे, पोरीची काय काळजी!' पहिली पाच वर्षं मलाही काळजी वाटली नाही. २३ नोव्हेंबर २०२३ ला ती पहिल्यांदा वाटली. पार्नेल स्क्वेअरला शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर परदेशी असल्याचं पसरलं आणि संध्याकाळी शहराच्या मध्यभागी दंगल पेटली. बस जाळल्या, ट्राम जाळली. त्या हल्लेखोराला हेल्मेटने हाणून आडवा करणारा डिलिव्हरीवाला ब्राझीलचा होता, म्हणजे तोही परदेशीच. त्या रात्री मी ड्यूटीवर होते. वॉर्डात आम्ही सहा जणी, पैकी पाच बाहेरच्या देशातल्या. सकाळी घरी कसं पोचायचं, हे एकमेकींना विचारत रात्र काढली.

मग २०२५ चा जुलै आला. १९ तारखेला डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला टोळक्याने मारलं. आयर्लंडला येऊन त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते. रक्तबंबाळ केलं, अंगावरचे कपडे काढले आणि वर त्याच्याबद्दल घाणेरडी अफवा उठवली. तिच्यात काही तथ्य नव्हतं. रस्त्याने जाणारी एक स्थानिक बाई थांबली, म्हणून त्याला मदत मिळाली. १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने सूचना काढली: निर्मनुष्य जागी, विशेषतः अवेळी, जाणं टाळा. सूचना चांगल्या मनाने काढलेली आहे, याबद्दल मला शंका नाही. पण माझी ड्यूटी रात्री आठला सुरू होते आणि सकाळी आठला संपते. डिसेंबरात इथे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार-सव्वाचारला मावळतो. त्यांनी जिला अवेळ म्हटलं, ती माझी नोकरीची वेळ आहे. काही दिवसांनी वॉटरफर्डमध्ये घराबाहेर खेळणाऱ्या सहा वर्षांच्या भारतीय मुलीला मोठ्या मुलांनी मारलं आणि 'परत भारतात जा' म्हणाले. माझी मुलगीही तेव्हा सहाच वर्षांची होती. ती बातमी वाचली त्याच दिवशी मी हा पॅक मागवला.

पॅक आला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातच पिन ओढून पाहिली. इतक्या लहान वस्तूचा इतका आवाज असेल असं वाटलं नव्हतं. मुलीने दोन्ही कान दाबून धरले, नवरा बाथरूममधून ओरडला. पिन परत घालायला मला बराच वेळ लागला, कारण ती एकाच बाजूने बसते आणि घाईत ती बाजू सापडत नाही. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारच्या आजी. मुलगी त्यांना आजी म्हणते, म्हणून मीही म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, पायात घरातल्या सपाता, हातात शेकोटीतले निखारे हलवायचा लोखंडी गज. 'कुठे आहे तो?' एवढंच त्यांनी विचारलं.

खोक्यावर १४० डेसिबल लिहिलंय. फोनवरच्या अ‍ॅपने मोजायचा प्रयत्न केला, पण फोनचा माइक एवढ्या आवाजासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे त्या आकड्याला अर्थ नाही. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा असला तरी तो अलार्मच्या अगदी जवळचा. म्हणून आम्ही दुसऱ्या पद्धतीने तपासलं. नवरा चालत रस्त्याच्या टोकापर्यंत गेला आणि मी दारात पिन ओढली. त्याला स्वच्छ ऐकू आलं, पण कोणत्या बाजूने येतंय हे सांगता येईना. समोरच्या घरातल्या मैत्रिणीने खिडक्या बंद ठेवून ऐकलं. ती म्हणाली, 'कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजतोय असं वाटलं.' हे लक्षात ठेवा. आवाज पोचतो, पण कसला आवाज आहे ते पोचत नाही.

अलार्मच्या आवाजात मी रोज बारा तास काढते. मॉनिटर वाजतो, पंप वाजतो, पेशंटने घंटा दाबली की ती वाजते. आमच्या कामात 'अलार्म फटीग' म्हणतात त्याला: सतत वाजत राहिलं की कान आपोआप ऐकणं सोडून देतात आणि एक दिवस खरा अलार्मही कुणी ऐकत नाही. म्हणून हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना, पहिली गोष्ट ठरते ती ही, की कोणते बेड कोणाचे. चार नंबरचा मॉनिटर वाजला तर मी उठायचं. मी जेवायला गेले असेन तर कुणी उठायचं, तेही ठरलेलं असतं. नुसता अलार्म वाजला म्हणून पेशंट वाचत नाही, कुणीतरी उठतं म्हणून वाचतो. रस्त्यावर वाजणाऱ्या अलार्मचा बेड कुणाच्याच वाट्याला आलेला नसतो. हे मला आधीपासून माहीत होतं, तरीही मी अलार्म घेतला, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं. पेपर स्प्रे इथे बेकायदेशीर आहे. नुसता जवळ बाळगला तरी गुन्हा होतो. भारतातून कुणी आणून देत असेल तर घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी आजी परत आल्या आणि टेबलावर एक शिट्टी ठेवली. पितळी, मुलामा उडालेली, आत बारीक गोळी. अ‍ॅक्मी थंडरर. ही बर्मिंगहॅमला बनते आणि आजीही तरुणपणी तिथेच नर्स होत्या. त्या काळी इंग्लंडची हॉस्पिटलं आयरिश मुलींवर चालायची, जशी आज इथली आमच्यावर चालतात. २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली. संशय आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेवर गेला. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. ते निर्दोष होते, पण कोर्टाने त्यांची शिक्षा रद्द करायला १९९१ उजाडलं. पण आजी कोर्टाचं काही बोलल्या नाहीत, बसचं बोलल्या. बॉम्ब फुटल्यानंतर कित्येक महिने त्या बसमध्ये स्टॉपचं नाव घेत नसत. मोजून सुटे पैसे तळहातावर ठेवून कंडक्टरसमोर धरायचे आणि मान हलवायची. एका पेशंटने त्यांच्या हातचं औषध घ्यायला नकार दिला, ज्याची ड्रेसिंग त्या आठवडाभर करत होत्या. 'तोंड उघडलं की कळायचं, म्हणून मी तोंड मिटून घेतलं,' त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. पुढे काय म्हणायचं होतं ते त्यांनी म्हटलं नाही.

डब्लिनमध्ये फार्मलीला होणारा इंडिया डे, म्हणजे इथल्या भारतीयांचा उत्सव, या हल्ल्यांमुळे पुढे ढकललाय, हे मी त्यांना त्याच आठवड्यात सांगितलं. मुलीने त्यासाठी लेझीम बसवलं होतं. आजींनी विचारलं, 'पुढे म्हणजे कधी?' मला माहीत नव्हतं. बर्मिंगहॅममध्ये सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक १९७४ नंतर बंद झाली, ती पुन्हा १९९६ मध्ये निघाली. आजींनी बोटांवर मोजून दाखवलं. बावीस वर्षं. ते बोलताना त्यांना राग आलेला मी पाहिला, आणि तो बर्मिंगहॅमवर नव्हता.

शिट्टी आणि अलार्म यांची तुलना विचाराल तर अलार्म बरा. शिट्टीला दम लागतो आणि भीतीने आधी दमच जातो. पण शिट्टीला सेल लागत नाहीत, ती पावसात भिजून बिघडत नाही आणि पन्नास वर्षांनीही वाजते. मी वाजवून पाहिली.

पॅकमधला दुसरा नग मुलीच्या दप्तराला लावला होता. तो काढून ठेवला, आणि का काढला ते आयांनी वाचावं. लावताना तिने विचारलं हे काय. मी म्हटलं, हरवलीस तर ओढायचं. ती म्हणाली, 'मी हरवत नाही. शाळेपासून सरळ रस्ता आहे.' थोड्या वेळाने तिने विचारलं, 'कुणी गो बॅक म्हणालं तर ओढायचं का? की ढकललं तरच?' वॉटरफर्डचं मी तिला काही सांगितलं नव्हतं. टीव्ही लावला नव्हता, फोनवर मराठीतच बोलत होते. तिला कुठून कळलं ते अजून माहीत नाही. ती इथेच जन्मलेली. शाळेत आयरिश शिकते आणि पहिल्या आठवड्यात धावत घरी येऊन सांगत होती, 'आई, आयरिशमध्ये पण तू म्हणजे तूच!' खरंच तसं आहे, त्यांचा 'तू' आणि आपला 'तू' एकच. तिच्या दप्तराच्या बंदाला ते काळं अंडं लटकलेलं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी काढलं. नर्स म्हणूनही सांगते, लहान मुलांना हा देऊ नका. एवढा आवाज कानाजवळ झाला तर लहान कानाला इजा होऊ शकते, आणि मुलं हा खेळताना ओढणारच.

आता खऱ्या वापराबद्दल. नोव्हेंबरातली गोष्ट, संध्याकाळचे सात वाजायला आलेले, मी ड्यूटीला निघालेले. कोटाखाली युनिफॉर्म होता. बसस्टॉपच्या काचेवर 'आयर्लंड इज फुल'चा स्टिकर, कुणीतरी नखाने अर्धा खरवडलेला. हे वाक्य मला आतून लागतं, कारण घरांची टंचाई खरी आहे. आम्हीही दोन वर्षं एका खोलीत काढली आहेत आणि ज्यांना घर मिळत नाही त्यांचा राग मला कळतो. पण आज जो भाग आयर्लंडचं प्रजासत्ताक आहे, तिथे १८४१ मध्ये ६५ लाख माणसं होती. २०२२ च्या जनगणनेत साडेएक्कावन्न लाख भरली. बटाट्याच्या दुष्काळात दहा लाख मेली, दहा लाखांहून जास्त जहाजांत बसून गेली, आणि हा देश अजून तेव्हाएवढा भरलेला नाही. घरं कमी बांधली गेली, याला नर्स कारण नाहीत.

तीन पोरं आली. चौदा-पंधरा वर्षांची असतील, डोक्यावर हूड. आधी 'गो होम'. मी ऐकलं नाहीसं केलं. मग एकाने माझ्या पर्सचा बंद धरून ओढला, दुसरा समोर येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या तोंडाला येणारा च्युइंगगमचा वास आला. अलार्म कोटाच्या डाव्या खिशात होता, दोरीचा फास मधल्या बोटात. हात बाहेर काढला आणि पिन ओढली.

पोरं दचकून मागे उडाली. अलार्मने त्याचं काम केलं, हे मला स्पष्ट लिहायचंय. बंद सुटला, ती वीस-पंचवीस पावलं पळाली. पण गेली नाहीत. लांब उभी राहून एकाने फोन काढला आणि माझा व्हिडिओ घ्यायला लागला. स्टॉपवर माझ्याखेरीज चार माणसं होती. एकाच्या कानात हेडफोन होते, त्याने पाहिलं आणि परत फोनमध्ये मान घातली. एक जोडपं सरकून पलीकडच्या दुकानाच्या छपराखाली गेलं. चौथी बाई, माझ्या आईच्या वयाची, मला म्हणाली, 'ते बंद कर ना, डोकं उठलं.' मी पिन शोधत होते. ती दोरीसकट फुटपाथवर पडली होती आणि अंधारात दिसत नव्हती.

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि केबिनचं झडपं उघडून चक्क खाली उतरला. इथे ड्रायव्हर असे सहसा उतरत नाहीत. माझ्या आणि पोरांच्या मध्ये उभा राहिला. काही बोलला नाही. पोरं गल्लीत शिरली. मग वाकून फोनच्या उजेडात त्याने पिन शोधली, अलार्म माझ्या हातातून घेतला आणि जाड बोटांनी, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा ती बसवली. 'हं,' म्हणाला आणि परत जागेवर जाऊन बसला. मी बसचं लीप कार्ड टेकवायला गेले तर मशीनवर हात ठेवून नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, तक्रार नोंदवली. ३१ डिसेंबर २०२४ पासून इथे द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांचा नवा कायदा लागू आहे, त्यात शिक्षा वाढते. त्यामुळे ती पोरं काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगा, नुसतं 'त्रास दिला' म्हणू नका. तक्रारीचा नंबर मागून घ्या. आपल्या कित्येक जणी 'कशाला नसती झंझट' म्हणून जात नाहीत. नोंद झाली नाही तर घडलंच नाही असं होतं.

घरी येताना दिव्याच्या खांबांना आयर्लंडचे तिरंगे बांधलेत, परदेशी नकोत म्हणणाऱ्यांनी, गेल्या उन्हाळ्यापासून. हिरवा, पांढरा, नारिंगी. हा झेंडा पहिल्यांदा फडकला १८४८ मध्ये, त्याच वॉटरफर्डमध्ये, आणि मधला पांढरा हिरव्या आणि नारिंगी, म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, लोकांमधल्या सलोख्याचा. किलार्नीला नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा असाच छोटा झेंडा मी हातात धरला होता आणि नंतर भारताचा पासपोर्ट परत केला होता. आता ते खांब आले की मी चालायचा वेग वाढवते. मला हे नको आहे. तो झेंडा माझाही आहे.

आता वापरातल्या अडचणी. पर्समध्ये सुटा टाकू नका. चेनमध्ये दोरी अडकून माझा एकदा सकाळी नर्सेसच्या चेंजिंग रूममध्ये वाजला आणि रात्रभर जागलेल्या बायका घाबरून गेल्या. घराच्या किल्ल्यांनाही लावू नका, जरी खोक्यावरच्या चित्रात तसंच दाखवलंय. गरज पडली तर वाजता अलार्म लांब फेकून देता आला पाहिजे, म्हणजे बंद करायला समोरच्याला तिकडे जावं लागतं. किल्ल्या त्याला असतील तर तुम्ही फेकणार नाही. जाड हातमोज्यांत दोरी पकडता येत नाही, मी तिला शिवणाच्या दोऱ्याने एक मोठा मणी बांधलाय. पावसाला तो टिकेल असं दिसत नाही, स्क्रूला आत्ताच गंज आलाय. पाचव्या महिन्यात आवाज किंचित बसका झाला, म्हणून सेल बदलायचे ठरवले. त्या स्क्रूला घड्याळजीकडे असतो तसला बारीक स्क्रूड्रायव्हर लागतो, तो पॅकमध्ये येत नाही. दिवा चांगला आहे, रात्री दाराचं भोक शोधायला रोज उपयोगी पडतो. फोनमधलं एसओएसही सुरू करून ठेवा. फोन घरच्यांना तुमची जागा कळवतो, अलार्म आसपासच्यांना कळवतो, दोन्ही हवेत.

पाचपैकी साडेतीन तारे देते. दीड तारा पिनचा, पावसाचा आणि सेलचा कापला. त्या बाईचा कापलेला नाही, तो अलार्मचा दोष नव्हे. घ्या असंच सांगेन. पण घेतल्यावर एक काम आणखी करा: तुमच्या रस्त्यावर कुणा एकाला हा आवाज ऐकवून ठेवा, म्हणजे त्यांना तो गाडीचा वाटणार नाही. माझ्या ड्यूटीचं महिन्याचं वेळापत्रक आजींच्या फ्रिजवर चिकटवलेलं असतं. नाइट लाल पेनाने, डे निळ्याने. बदल झाला की मुलगी जाऊन खोडून येते.

गेल्या रविवारी सेल बदलले. तपासायला वाजवणार होते, म्हणून आजींना आधी फोन केला: बरोबर पाच वाजता वाजेल, घाबरू नका, काही झालेलं नाही. बरं, म्हणाल्या. पाचला पिन ओढली. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झालाय. पडदा बाजूला करून पाहिलं तर आजी कोट चढवून त्यांच्या दाराबाहेर येऊन उभ्या होत्या, आमच्या दाराकडे तोंड करून. मी पिन घालेपर्यंत तिथेच होत्या.